पिंजऱ्यातला प्रत्येक मृत्यू मोजा

ऑक्टोबर २०२२. स्पेनच्या गॅलिसियातील काराल येथील एका फार्मवर मिंक नेहमीपेक्षा जास्त मरू लागले. मिंक हा पाणमांजराच्या कुळातला, फरसाठी पिंजऱ्यात वाढवला जाणारा मांसाहारी प्राणी. या फार्मवर ते सुमारे ५२ हजार होते. एरवी आठवड्याला पाव टक्का मरत. तो आकडा ०.७७ टक्क्यांवर गेला. म्हणजे सव्वाशे-दीडशेच्या जागी चारशे. एवढ्या पिंजऱ्यांच्या रांगांत ही वाढ सहज नजरेआड झाली असती. ती झाली नाही, कारण तिथे मृत्यूंची नोंद होत होती. नमुने तपासले गेले. करोना नव्हता, बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू मात्र सापडला. पुढे आठवड्याचा मृत्युदर चार टक्क्यांपलीकडे गेला आणि संसर्ग मिंककडून मिंककडे पसरत असल्याची चिन्हे दिसली. सुदैवाने कामगारांना लागण झाली नव्हती. कळप मात्र संपवावा लागला.

मिंकमध्ये पक्ष्यांचा आणि माणसांचा, दोन्ही फ्लू शिरू शकतो. अशा हजारो प्राण्यांना एकमेकांशेजारी कोंडून ठेवले की विषाणूला बदलायला भरपूर संधी मिळते. म्हणूनच फर-फार्मवरील मृत्यूंची वही ही मालकाची खासगी बाब मानणे धोक्याचे आहे, असे आमचे ठाम मत आहे.

उशिरा जागे झाल्याची किंमत डेन्मार्कने दाखवून दिली. तिथल्या फार्मवर करोना जून २०२० मध्ये आढळला होता. नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान मेट्टे फ्रेडरिक्सन यांनी देशातील सर्व, म्हणजे दीड कोटींहून अधिक मिंक मारण्याची घोषणा केली. निरोगी कळपांबाबत सरकारला तसा कायदेशीर अधिकारच नव्हता, हे नंतर उघड झाले आणि कृषिमंत्र्यांना पद सोडावे लागले. घाईने पुरलेले मृतदेह वायूने फुगून जमिनीवर आले. कित्येक कुटुंबांचा व्यवसाय त्या एका हिवाळ्यात संपला.

देखरेख जमत नाही, ही सबब मात्र कुणी सांगू नये. मिंकच्या अलेउशियन रोगासाठी याच डेन्मार्कमध्ये कित्येक दशके नखातून रक्ताचा थेंब काढून चाचण्या होत आल्या आहेत. त्या रोगाने पिल्ले कमी होतात, कातड्याचे पैसे बुडतात. नुकसान स्वतःचे असते तेव्हा धंदा थेंब न थेंब तपासतो. शेजारच्या गावाला धोका असतो तेव्हाही तीच शिस्त हवी.

फर-उत्पादनात आघाडीवर असलेल्या चीनमध्ये संशोधकांनी २०२१ ते २०२४ या काळात रोगाने मेलेले ४६१ प्राणी तपासले. त्यांतील बहुतेक फरसाठी पाळलेले. विषाणूंच्या १२५ जाती सापडल्या. ३६ पूर्वी अज्ञात होत्या, ३९ एका प्राण्यातून दुसऱ्यात जाण्याचा धोका मोठा असलेल्या. अवघ्या ४६१ मृतदेहांत एवढे निघाले. बाकीचे लाखो न तपासताच जातात.

भारताने मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या कातड्यांची आयात २०१७ मध्ये थांबवली. तरी हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरच्या पोल्ट्रीत सापडला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेने कारण सांगितले, एच५एन१. नमुने पाठवले गेले म्हणून ते कळले.

आपल्या २००९ च्या प्राणिरोग नियंत्रण कायद्यात रोगाचा संशय आला की कळवण्याची जबाबदारी मालकावर आहे. संशय कधी घ्यायचा, हे मात्र बरेचसे त्याच्यावरच सोडलेले असते. तिथे आकडा आणावा. पोल्ट्री असो वा युरोपातले फर-फार्म, आठवड्याचा मृत्युदर नेहमीच्या दुप्पट झाला की त्याच दिवशी पशुवैद्यकाला कळवणे, शवविच्छेदन करणे आणि कामगारांची तपासणी करणे सक्तीचे व्हावे. खर्च सरकारने उचलावा. आणि वेळेत कळवणाऱ्याला भरपाईसाठी कचेरीचे उंबरठे झिजवावे लागू नयेत. नाहीतर मेलेली कोंबडी किंवा मिंक रात्रीतच पुरला जाईल आणि वहीत पूर्वीचाच पाव टक्का लिहिला जाईल.