गणित सुटले, भौतिकाचे काय?

भाची पुण्याहून शिकायला आमच्याकडे बंगळूरला, इंदिरानगरात आली, तेव्हा तिचे सारे ठरलेले होते. डॉक्टर व्हायचे, म्हणून पहिल्या पीयूसीला, म्हणजे आपल्या अकरावीला, भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणिताऐवजी गृहविज्ञान. ''मावशी, गणिताची कटकट एकदाची संपली!'' असे म्हणत तिने दहावीची वही रद्दीत टाकली.

पंधरा दिवसांत तिने भौतिकाचे पुस्तक माझ्यापुढे आपटले. सरळ रेषेतील गतीच्या प्रकरणातच कॅल्क्युलस डोकावले होते. ''हे मला कोण शिकवणार? मी सायन्सच सोडते.''

तिची तक्रार खोटी नव्हती. ज्यांनी गणित घेतले आहे, त्यांच्याही पुस्तकात हा भाग अकरावीच्या शेवटी-शेवटी येतो. भौतिकाला मात्र तो सुरुवातीलाच हवा असतो. शिवाय 'नीट' परीक्षेत 720 पैकी 180 गुण भौतिकाचे. तो विषय टाळून कसे चालेल?

त्या रविवारी आम्ही दोघी मेट्रोने निघालो. 2011 साली बैयप्पनहळ्ळी ते एम. जी. रोड हा पहिला मार्ग सुरू झाला, तेव्हापासून इंदिरानगरचे स्टेशन आमच्या रोजच्या वापरातले. घरी परतल्यावर तिला म्हटले, ''समज, गाडी सुटली आणि 10 सेकंदांत तिचा वेग सेकंदाला 10 मीटर झाला. किती अंतर गेली?''

''शंभर मीटर.''

''सुरुवातीपासून वेग तेवढाच होता का?''

ती थांबली. मग आलेख काढला: आडवी वेळ, उभा वेग. तिरकी रेघ आली. रेघेचा चढ म्हणजे त्वरण, रेघेखालच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे अंतर. पाया 10, उंची 10, त्याचे निम्मे: 50 मीटर. सातवी-आठवीचेच गणित!

''पण गाडीचा वेग एकसारखा वाढत नसेल तर?'' आता प्रश्न तिचा होता. रेघ वाकडी होईल. मग आलेखाच्या कागदावरचे चौकोन मोजायचे. चौकोन जितके लहान, उत्तर तितके बिनचूक. ''अगं, कॅल्क्युलसचे मूळ हेच,'' मी म्हटले, तेव्हा तिचे डोळे विस्फारले.

गॅलिलिओने उतारावरून गोळे सोडून पाहिले. समान वेळेच्या पहिल्या टप्प्यात अंतर 1, तर पुढच्या टप्प्यांत 3, 5, 7. बेरीज करत जा: 1, 4, 9, 16. वेळेचा वर्ग! 1638 साली त्याचे पुस्तक निघाले, तेव्हा न्यूटनचा जन्मही झाला नव्हता. कॅल्क्युलस नंतरचे. अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांत आजही वैद्यकीयकडे जाऊ पाहणाऱ्या मुलांसाठी बीजगणितावर चालणारा भौतिकाचा वेगळा अभ्यासक्रम असतो.

तरीही आईवडिलांनो, एक सांगते. गणित सोडण्याआधी मुलांशी नीट बोला. पुढे मन बदलले, तर इंजिनिअरिंगची आणि भौतिकात बीएस्सी करण्याची वाट अवघड होते. कंटाळा आला म्हणून सोडू नये. पुढची वाट ठरली असेल, तर सोडायला हरकत नाही.

आणि सोडलेच, तर भौतिकापुरते तरी चार गोष्टींशी सख्य ठेवावे: गुणोत्तर, त्रिकोणमिती, सदिश आणि आलेख. सूत्र पाठ करताना ते कुठे लागू पडत नाही, हेही विचारावे. गतीची ती तीन प्रसिद्ध समीकरणे त्वरण स्थिर असेल तेव्हाच चालतात; मुले ती कुठेही लावतात आणि गुण घालवतात.

परवा भाचीची चाचणी झाली. ''कशी गेली?'' विचारले, तर म्हणाली, ''एका गणिताला सूत्रच आठवेना.''

माझ्या पोटात गोळा आला.

''मग काय, आलेख काढला आणि चौकोन मोजले,'' ती म्हणाली आणि डबा घासायला टाकून जिना उतरून खेळायला पळाली.