आठवड्यातले दोन तास

ज्या घरात कोणी अंथरुणाला खिळलेले असते, त्या घरातली वर्दळ हळूहळू कमी होते. नातेवाईकांच्या फेऱ्या विरळ होतात, ‘उगाच त्रास कशाला’ म्हणून शेजारीही जाणे टाळतात आणि शुश्रूषा करणारी व्यक्ती, बहुतेकदा सून, मुलगी किंवा पत्नी, एकटी पडते. ‘आता घरी न्या’ असे डॉक्टरांनी सांगितल्यानंतरचे महिने कसे काढायचे, हे तिला कोणीच शिकवलेले नसते. रुग्णाला कूस कधी बदलायला लावायची, बेडसोअर कसे टाळायचे, रात्री वेदना वाढल्या तर कोणाला विचारायचे, याची उत्तरे रुग्णालयाच्या फायलीत नसतात.

केरळने ती शेजारपणात शोधली. डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोझिकोडला वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअरचे काम सुरू केले. मात्र ज्यांना सर्वाधिक गरज आहे, ते दवाखान्यापर्यंत पोहोचूच शकत नाहीत, हे लवकरच लक्षात आले. त्यातून मलप्पुरम आणि आसपासच्या भागात स्थानिक स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. अट एवढीच की आठवड्यातून किमान दोन तास द्यायचे आणि त्याआधी १६ तासांचे प्रशिक्षण आणि रुग्णांसोबतची चार सत्रे पूर्ण करायची. औषधोपचार डॉक्टर आणि परिचारिका पाहतात. स्वयंसेवक रुग्णाशी बोलतात, अडचणी ओळखून पथकाला कळवतात, कुटुंबाला हातभार लावतात आणि गावातून छोट्या-छोट्या देणग्या जमवतात. २००८ मध्ये राज्य सरकारने पॅलिएटिव्ह केअरचे धोरण आणले आणि पंचायतींना त्यात सामावून घेतले.

या दोन तासांचा देणाऱ्यालाही काही लाभ होतो का? अमेरिकेत पन्नाशीपुढील सुमारे १३ हजार व्यक्तींच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला किमान १०० तास, म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास, स्वयंसेवा करणाऱ्यांमध्ये पुढील चार वर्षांत मृत्यूचा आणि शारीरिक हालचालींवर मर्यादा येण्याचा धोका कमी आढळला. त्यांच्यात एकटेपणाही कमी होता. मात्र अनेक दीर्घकालीन आजारांच्या बाबतीत फरक दिसला नाही. स्वयंसेवा हे मधुमेहाचे औषध नव्हे.

आणखी एक सावधगिरी बाळगायला हवी. मुळात धडधाकट माणसेच अशा कामाला बाहेर पडतात, त्यामुळे आकडे फुगतात. ज्येष्ठांच्या स्वयंसेवेवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये घेतला गेला. त्यात मृत्यूच्या धोक्यातील घट आधी ४७ टक्के दिसली. आरोग्य, उत्पन्न यांसारखे घटक जमेस धरल्यावर ती २४ टक्क्यांवर आली. म्हणजे निम्मा भाग उडाला, पण निम्मा उरला. अर्थात तोही पुरावा संबंधाचा आहे, निर्विवाद कारणाचा नाही. तरीही घराबाहेर पडणे, चालणे, नव्या माणसांशी बोलणे आणि ‘आपली कोणाला तरी गरज आहे’ ही जाणीव यांतून शरीर-मनाला फायदा होत असावा, असे मानायला जागा आहे.

महाराष्ट्राला यातून शिकण्यासारखे बरेच आहे. आपल्याकडे माणसांची वाण नाही. गणेश मंडळे आहेत, बचत गट आहेत, जवळजवळ प्रत्येक शहरात ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. रक्तदान शिबिराला रांगा लागतात. पण आपली स्वयंसेवा बहुतांशी एका दिवसाची असते. फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळते आणि वर्षभर शांतता. अंथरुणावरच्या माणसाला एका दिवसाचा उत्साह नको असतो. दर गुरुवारी ठरल्या वेळी येणारे माणूस हवे असते.

अर्थात, स्वयंसेवकांच्या जिवावर सरकारने हात झटकू नयेत. पगारी परिचारिका, वेदनाशामक औषधांचा नियमित पुरवठा आणि प्रशिक्षणाची सोय ही शासनाची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. त्यांच्याशिवाय स्वयंसेवकाची भेट म्हणजे नुसती सहानुभूती.

पण सुरुवात करायला शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. आपल्या सोसायटीत, वाडीत किंवा आळीत असे एक तरी घर असेल. तिथे जाऊन ‘तासभर मी बसतो, तुम्ही जरा बाहेर जाऊन या’ एवढे म्हणता येईल. त्या घरासाठी तो तास मोठा असेल आणि कदाचित आपल्यासाठीही.