करार कोणाचा, संमति कोणाची?

राज्यसंस्था ही लोकांच्या परस्पर करारांतून निर्माण झाली, असें सामाजिक कराराचा सिद्धांत सांगतो. हॉब्सनें १६५१ सालीं राजास ह्या कराराच्या बाहेर ठेविलें. लोकांनीं आपले हक्क एकदां त्याच्या हवालीं केले कीं ते परत मागण्याची सोय बहुधा उरत नाहीं. लॉकनें १६८९ सालीं सरकारास विश्वस्त ठरविलें. विश्वस्तानें विश्वासघात केल्यास ठेव मूळ धन्याकडे परत यावी. पेढीवर बसणाऱ्या आमच्या वाचकांस ह्यांपैकीं कोणतें मत पटेल, हें सांगावयास नको.

आमच्या वऱ्हाडानें मात्र करार पाहिले ते निराळ्याच तऱ्हेचे. कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटीं १८५३ सालीं निजामानें हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत दिला. १९०२ सालीं कर्झनसाहेबांनीं तो सालीना २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें घेतला. १९३६ सालीं निजामाचें नांवाचें स्वामित्व मान्य होऊन त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. कागद पक्के, मोहोरा पक्क्या. परंतु अमरावतीच्या शेतकऱ्यास किंवा अकोल्याच्या अडत्यास कोणीं विचारलें नाहीं. शेत खंडानें देतांना बैलाची संमति कोण घेतो?

८ ऑगस्ट १९४७ रोजीं अकोल्यास झालेला करार ह्याहून वेगळा होता. संयुक्त महाराष्ट्रांत पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावे, असें दोन्हीकडील पुढाऱ्यांनीं समोरासमोर बसून ठरविलें. तें अमलांत आलें नाहीं. पुढें २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार झाला; विधिमंडळाचें वर्षांतून एक अधिवेशन नागपुरास भरावें, हें त्यांतील कलम सर्वांच्या तोंडीं आहे. १९५६ सालीं घटनेच्या ३७१ व्या कलमांत विकासमंडळांची तरतूद आली. मंडळें स्थापन होण्यास मात्र १९९४ साल उजाडलें, आणि ३० एप्रिल २०२० रोजीं त्यांची मुदत सरली.

पुढाऱ्याची सही ही रयतेची संमति नव्हे, हें उघड आहे. मतदान हीच आतां संमति, असें उत्तर मिळतें. तें अर्धेंच खरें. भागीदार पेढींत भांडवल घालून स्वस्थ बसत नाहीं. वर्षाकाठीं वह्या पाहतो, तोट्याचा जाब विचारतो. सरकारी वह्या पाहण्याचा हक्क २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानें दहा रुपयांच्या अर्जावर मिळालेला आहे. काट्यावर किलोभर कापसाकरितां तासभर हुज्जत घालणारे आम्ही वऱ्हाडकर ते दहा रुपये क्वचितच खर्च करितों.