ओवाळणी आणि हक्कसोड

आपल्यातलीच काही पोरं हल्ली एक शब्द फार चघळतात. भीक. सरकारनं बायांच्या खात्यावर दीड हजार टाकले की ही म्हणणार, समाजाला भिकेची सवय लागली, बाबासाहेबांनी स्वाभिमान शिकवला आणि आमच्या बाया बँकेच्या दारात रांग लावून उभ्या. मित्रांनो, हा शब्द तुम्ही कुणाच्या तोंडातून उचलला ते एकदा तपासा. गावातला बागायतदार हेच म्हणतो. शहरातला पगारदार हेच म्हणतो. फुकट खायची सवय लागली, खुरपायला बाया मिळत नाहीत! खताची सबसिडी घेताना, २०१७ ची आणि २०१९ ची कर्जमाफी घेताना बागायतदाराला भीक आठवली नाही. त्याच्या पोटात का दुखतं ते कळतं, खुरपणीचा भाव वाढला म्हणून. तुमच्या पोटात का दुखतं?

मी सूतगिरणीत रिंग खात्यात राबतो. अर्थशास्त्र कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. पण पैसा घरात शिरला की काय करतो ते डोळ्यांनी बघितलंय आणि बाबासाहेबांनी काय मागितलं होतं ते वाचलंय.

आधी बाबासाहेबांचंच घेऊ. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनी कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं. महाराला राबवायचं सरकारनंही आणि गावानंही. मोबदला काय? बलुतं. म्हणजे खळ्यावर जाऊन उभं राहायचं, जोहार घालायचा आणि कुणबी देईल ते दाणे पदरात घ्यायचे. त्याची मर्जी फिरली की दाणे बंद, सगळ्या महारवाड्याचे बंद. बाबासाहेबांच्या बिलात मागणी होती की या बलुत्याचं पैशात रूपांतर करा, तो पैसा सरकारनं गावाकडून वसूल करावा आणि महाराला द्यावा. ते बिल पास झालं नाही. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, बाबासाहेब गेल्यावर. तो कामाचा मोबदला होता आणि ही मदत आहे, हा फरक मला कळतो. पण मुद्दा हाताचा आहे. मधला गावचा हात काढा, रोख पैसा सरळ आमच्या हातात द्या, हे मागणं आपल्या चळवळीत २०२४ च्या कितीतरी आधीचं आहे. ज्याला रोखीची लाज वाटते त्यानं खळ्यावर सूप घेऊन उभ्या राहिलेल्या आपल्या पणज्याला विचारावं, लाज कशात होती.

आता आजचं बघा. माझी थोरली बहीण, आक्का, बीडकडच्या एका गावात असते. दाजी आणि ती मिळून एक कोयता. दसरा-दिवाळीच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि उसाला जायचं. उचल म्हणजेसुद्धा रोखच की! नोटा त्याच. पण त्या नोटांना दावं बांधलेलं असतं. उचल पडते दाजीच्या हातात, फेडायला मात्र अर्धा कोयता आक्काचा. आजारी पडून एक दिवस बसली की खाडा, खाड्याचे पैसे कापले. फिटली नाही तर पुढल्या साली त्याच मुकादमाच्या दारात. या दाव्याची दहशत एवढी की बीड जिल्ह्यातल्या हजारो बायांनी पिशव्या काढून टाकल्या, आणि २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

दीड हजाराला हे दावं नाही, तेही आक्काच्याच नावावर येतात. दीड हजारात काय येतं याची यादी मी देत नाही, तुम्हाला बाजार माहीत आहे. सांगायचं ते वेगळंच आहे. आधी आक्का किराणा वहीवर आणायची. वहीवर आणणाऱ्या बाईला दुकानदार सगळ्यात शेवटी तोलतो, आणि तिला भाव विचारायची सोय नसते. आता ती नोट ठेवते आणि भाव विचारते. दुसरं, उसावरून आली की ती एका बागायतदाराच्या गोठ्यात शेण काढायला जायची. मजुरी नव्हती त्याला. अडीनडीला हजार-पाचशे मिळतात म्हणून जायची. हे नाव बदललेलं बलुतंच! ते तिनं सोडलं. "न्हाई जमायचं" म्हणाली. त्या दारात न्हाई म्हणणारी आमच्या घरातली ती पहिली बाई. गरिबी गेली का? अजिबात नाही. ती अजून उसाला जाते. पण न्हाई म्हणायला पायाखाली जेवढी जागा लागते तेवढी झाली.

हे एकट्या आक्कापुरतं नाही. मध्य प्रदेशात २०११ पासून 'सेवा' संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं आठ गावांत असाच प्रयोग केला. मोठ्या माणसाला महिना दोनशे रुपये, पोराला शंभर. पुढं तीनशे आणि दीडशे केले. अट कसलीच नाही. दारू वाढली नाही. पोरांच्या पोटात बरं अन्न गेलं, शाळेतली हजेरी वाढली, लोकांनी कर्ज हलकं केलं, कर्जापायी दुसऱ्याच्या बांधावर बांधून राबणाऱ्यांतले काही सुटले. गरिबाला पैसा कळत नाही म्हणणाऱ्यांच्या तोंडावर ही आठ गावं फेकून मारा.

तेव्हा भीक हा शब्द खाली ठेवा. पण दोस्त हो, पैसा घेताना तो कुठल्या नात्यानं दिलाय ते बघा. खरा डाव तिथं आहे.

गावात भाऊ बहिणीला दिवाळीला साडीचोळी करतो. ताटात ओवाळणी घालतो. आणि एक दिवस गोड बोलून तालुक्याला नेतो आणि हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतो. जमिनीतला हिस्सा गेला, भाऊबीज राहिली. लेकीबाळींना हिस्सा मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल लढवलं आणि ते अडवलं गेलं म्हणून १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली. त्याच महाराष्ट्रात योजनेचं नाव काय? माझी लाडकी बहीण. नागरिक नव्हे, मजूर नव्हे, हक्कदार नव्हे. बहीण, तीही लाडकी! जून २०२४ मध्ये जाहीर झाली, ऑगस्टात रक्षाबंधनाच्या तोंडावर पहिले पैसे पडले, नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक. प्रचारात एकवीसशे देऊ म्हणाले. मतं मोजून झाल्यावर छाननी सुरू झाली. २०२५ मध्ये ई-केवायसी आली तेव्हा बाईबरोबर नवऱ्याचं नाहीतर बापाचं आधार मागितलं. बाप मेलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या बाईनं कुणाचं आधार आणायचं? भावाच्या मर्जीवर लाड असतो. मर्जी म्हटलं की पुन्हा ते खळं आलं.

आणि आता आपली हक्कसोड बघा. मे २०२५ मध्ये या योजनेच्या एका हप्त्यासाठी सामाजिक न्याय खात्याचे सुमारे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे सुमारे ३३५ कोटी वळवले. खुद्द सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यानं उघड तक्रार केली. सरकार म्हणतं, लाभार्थ्यांत अनुसूचित जाती-जमातीच्या बाया आहेतच की. वा रे हिशोब! बाकीच्या बायांचा पैसा राज्याच्या सगळ्यांच्या तिजोरीतून, आणि आमच्या बायांचा आमच्याच पोरांच्या ताटातून? १९७९-८० साली विशेष घटक योजना आली ती कशासाठी? शेकडो वर्षं मागं ढकललेल्याला पुढं यायला वेगळा पैसा लागतो म्हणून. सगळ्यांना मिळतं ते आम्हाला सगळ्यांच्या तिजोरीतून मिळालं पाहिजे. घटकाचा पैसा त्याच्या वर.

त्याच आक्काच्या घरात माझी भाची नर्सिंगला आहे. एका घरात दोन खाती. आईच्या खात्यावर दीड हजार आले. पोरीची स्कॉलरशिप पोर्टलवर लटकलेली, आणि कॉलेज म्हणतं फी भर, मग हॉल तिकीट. अनुसूचित जातीच्या पोरांची ही स्कॉलरशिप १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते त्या काळातली. ही पण रोख मदतच. या पैशावर आपल्या पिढ्या गावातून बाहेर पडल्या. आक्कानं आपले दीड हजार साठवून फी भरली. आईची ओवाळणी लेकीच्या हक्काच्या भोकात गेली!

जमिनीचंही तेच. १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचे सत्याग्रह केले, हजारो माणसं तुरुंगात गेली. त्यांच्याच नावाच्या सरकारी योजनेत भूमिहीन घराला चार एकर कोरडवाहू नाहीतर दोन एकर बागायत द्यायची आहे. पण गावात जमीन विकायला निघत नाही, निघाली तर आपल्याला विकत नाहीत. खात्यावर पैसे टाकायला एक बटण दाबावं लागतं. जमीन द्यायला पाटलाशी भांडावं लागतं. सरकार कुठलं काम आधी करणार?

म्हणून मागणी नीट मांडा. दीड हजार बंद करा असं आपण कधीच म्हणायचं नाही. ते कायद्यानं बांधून द्या म्हणायचं, महागाईबरोबर वाढवा म्हणायचं, नाव काढायचं तर आधी बाईचं म्हणणं ऐका म्हणायचं. आणि घटक योजनेच्या पैशाला कुलूप लावणारा कायदा मागायचा. आंध्र आणि कर्नाटकानं २०१३ साली तो केला. पण कर्नाटकात कायद्यातली एक फट वापरून २०२३ साली ११ हजार कोटींच्या वर रक्कम गॅरंटी योजनांकडं वळवलीच. तेव्हा कायदा मागताना फटसुद्धा बुजवून मागा.

भाषणं पुरे. वस्तीवर जा. कुणाची नावं कटली त्याची यादी करा, कुणाची स्कॉलरशिप अडकली त्याची दुसरी यादी करा. दोन्ही याद्या एकाच मोर्चात घेऊन तहसीलवर जा. आणि बायांना एवढंच सांगा, पैसे मोजून घ्या, ते तुमचेच आहेत. अंगठा मात्र हक्कसोडीवर देऊ नका.

जय भीम.