अभ्यासाचें नवें साधन

हल्लीं चार पालक एकत्र जमले म्हणजे मोबाइलनें मुलें बिघडलीं ही तक्रार ऐकूं येतेच. ती अगदींच खोटी आहे असें नव्हे. परंतु साधनाचा दुरुपयोग होतो म्हणून साधनच टाकाऊ ठरविणें मला मान्य नाहीं.

मोल्सवर्थकृत मराठी-इंग्रजी कोशाचेंच उदाहरण घ्या. १८३१ सालीं निघालेल्या ह्या ग्रंथाची १८५७ ची दुसरी आवृत्ति म्हणजे आपल्या भाषेचें भांडार होय. तो जाडजूड कोश पाहावयाचा तर पूर्वीं मोठ्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागे. आज शिकागो विद्यापीठानें तो इंटरनेटवर खुला ठेविला आहे, आणि जुन्या कवितेंत शब्द अडला असतां खेड्यांतील मुलासही तो क्षणांत पाहतां येतो. वाई येथें सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचीही हीच गोष्ट. इतकें धन दारीं आलें असतां दार लावून घेणें शहाणपणाचें नाहीं.

मात्र साधनापूर्वीं शिक्षक हवा. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले ह्यांस २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घातल्याबद्दल, एवढेंच पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु तेथील मुलांची घरची भाषा कानडी. ती ते स्वतः शिकले व पुस्तकें मुलांस समजतील अशीं केलीं, हें क्वचितच कोणी सांगतो. पुष्कळ ठिकाणीं क्रम नेमका उलटा असतो. फळा नवा येतो, शिकविणें तेंच राहतें!

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरल्यापासून निबंधाची तर पंचाईतच झाली आहे. निबंध म्हणजे कागद भरणें नव्हे. कांहीं न सुचून लेखणी चावीत बसण्याची जी अर्धी घटका, तोच खरा अभ्यास, आणि यंत्र नेमकी तीच हिरावून घेतें. म्हणून निबंध वर्गांतच लिहवून घ्यावा. मग तोच विषय यंत्रास खुशाल विचारावा व दुसरे दिवशीं त्याच्या मराठींतील चुका मुलांकडून काढवाव्या. माझ्या अनुभवाप्रमाणें ह्या कामीं मुलें फार उत्साह दाखवितात.

ह्याहून गंभीर प्रश्न निराळाच आहे. मार्च २०२० मध्यें शाळा बंद झाल्या तेव्हां कित्येक घरांत फोन एकच असल्याचें दिसून आलें. तो दिवसा वडिलांबरोबर कामावर जाई. रात्रीं घरीं आला कीं आधीं थोरल्या भावाच्या हातीं पडे, आणि बहिणीची पाळी येईपर्यंत तिचे डोळे मिटत. ती टाळेबंदी गेली, पण अनेक घरांतील ही स्थिति गेली नाहीं. असें असतां सायंकाळीं सात वाजतां व्हॉट्सॲपवर गृहपाठ धाडणें व सकाळीं तो न केल्याबद्दल मुलीस उभें करणें हा उघड अन्याय होय. फोनवर धाडलेला प्रत्येक गृहपाठ फळ्यावरही लिहिलाच पाहिजे.

आणि आपल्या संगणककक्षास शाळा सुटतांच कुलूप लागतें, तें तासभर उशिरां लावावें. ज्यांच्या घरीं फोन नाहीं किंवा मिळत नाहीं त्यांस प्रथम बसूं द्यावें. देखरेखीस एक एक शिक्षक पाळीनें थांबला तर कोणावर भार पडणार नाहीं. सोमवार मी घेतों.