वाघही हवा आणि धनगरवाड्यावरचा माणूसही!

२०२५ च्या अखेरीस ताडोब्याची वाघीण चांदोलीच्या जंगलात आणण्यात आली. 'आमची पोरं बेकार, वस्त्यांवर अत्याचार थांबत नाहीत, मग वाघाशी आमचा काय संबंध?' असे कार्यकर्ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याचे सरळ उत्तर दिले पाहिजे.

वाघ जगतो तो सांबर आणि गव्यावर, आणि ते जगतात जंगलावर. जंगल टिकले तरच डोंगरात पाणी मुरते. २०१० साली झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प म्हणजे कोयना आणि वारणा या नद्यांचे पाणलोट. शाहूवाडी-राधानगरीकडे बॉक्साइटच्या खाणींनी डोंगरमाथे कसे खरवडले, ते आपण पाहिले आहे. जंगलात वाघ असला की खाणवाल्याला कायदा आडवा येतो. नद्या आटल्या तर धनदांडगा टँकर मागवेल, आपल्या वस्तीने कोठे जावे? १९२७ साली चवदार तळ्याच्या पाण्यासाठी लढलेल्या समाजाने पाण्याच्या उगमाबद्दल उदासीन राहावे काय?

संविधानाच्या अनुच्छेद ४८ अ ने वन्यजीवांचे रक्षण राज्यावर सोपवले, तर ५१ अ ने प्राणिमात्रांविषयी करुणा हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले. तथागतांचे पहिले शीलही प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचेच आहे. २००६ च्या गणनेत देशात वाघ उरले होते अवघे १४११. २०२२ मध्ये ते किमान ३१६७ झाले. ही चांगलीच गोष्ट आहे.

पण या रक्षणाची किंमत कोण मोजतो? कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षांनंतरही जमिनीसाठी मोर्चे काढतात. चांदोलीतून उठवलेल्यांनाही हक्कासाठी रस्त्यावर बसावे लागले. २०२० च्या जानेवारीत गोव्याच्या म्हादई अभयारण्यात चार वाघ विषप्रयोगाने मेले. अटक झाली ती गाय गमावलेल्या धनगर पशुपालकांना. विष घालणे गुन्हाच आहे. पण मेलेल्या गाईचा पंचनामा वेळेत झाला आणि भरपाई हातात पडली, तर गुराख्याचा हात विषाकडे कशाला जाईल? तिथे वाघही मेला आणि गरीबही तुरुंगात गेला.

कायदा मात्र असा एकतर्फी नाही. वन्यजीव कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, वनहक्क निश्चित केल्याशिवाय आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय व्याघ्र क्षेत्रातून कोणालाही हलवता येत नाही. त्याच वर्षीच्या वनहक्क कायद्यात आदिवासींबरोबर इतर पारंपरिक वननिवासीही येतात. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. गवळी धनगर आणि डोंगरातील आपले बांधव अडतात ते इथेच. 'कागद नाही' म्हणून त्यांना परत पाठवले जाते. परंतु नियमांनुसार वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, दफनभूमी हेही पुरावेच आहेत. फक्त ते एकापेक्षा अधिक हवेत.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, वाड्या-वस्त्यांवर जा. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या, ग्रामसभेत दावे दाखल करा, गुरे मेली तर पंचनाम्याला हजर राहा. व्यवस्था वाघ आणि गरीब यांना एकमेकांसमोर उभे करते, आणि त्यात फावते ते खाणवाल्याचे. हा डाव आपण ओळखला पाहिजे. ज्याच्या हाती हक्काचा कागद आहे, तोच जंगलाचा खरा राखणदार होईल. मग वाघाला वेगळ्या पहाऱ्याची गरज उरणार नाही.

जय भीम!