चपला सांभाळणारी आई

समुद्रावर गेलात की एकदा आजूबाजूला नीट बघा. नवरा पाण्यात, मुलं पाण्यात, दीर आणि भाचे पाण्यात. आणि काठावर कोरड्या वाळूत एक बाई उभी. खांद्याला दोन पिशव्या, हातावर टॉवेल, पायाशी सहा-सात चपलांचे जोड आणि तोंडानं अखंड चालू, ‘अरे, फार आत जाऊ नका रे!’ ही बाई कोण ते सांगायला नको. लग्नानंतर अलिबागला ती मी होते, गणपतीपुळ्याला होते, तारकर्लीलाही होते. तीन वेळा समुद्रावर गेले, पण पाणी लागलं ते फक्त घोट्यापर्यंत!

त्यामुळे मागच्या वर्षी पोस्टातल्या आरडीची मुदत भरली आणि घरात ‘अंदमानला जाऊ या’ असं ठरलं, तेव्हा आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीच. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात. मुलांनी समुद्र चित्रातच पाहिलेला. सासूबाई म्हणाल्या, ‘एवढ्याशा पोरांना काय कळणार? मोठी झाली की जा.’ शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘विमानात कान दुखतात हं!’ मी म्हटलं, जाऊ दे, काळज्या करायला आपण आहोतच.

एका एजंटानं छापील कार्यक्रम पाठवला. सहा रात्री, सात दिवस. पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल, रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक, एलिफंट बीच, नील, बाराटांग... नवरा खूश. ‘बघ, काही म्हणजे काही सुटत नाही!’

रात्री भांडी आवरल्यावर मी तो कागद ओट्यावर पसरला आणि पेन घेतलं. प्रत्येक ओळीसमोर लिहीत गेले, की त्या वेळेला मी काय करत असेन. ‘पहाटे ३. झोपलेली दोन पोरं उचलून गाडीत.’ ‘सकाळी ८. ओले कपडे वेगळे, सुके वेगळे, बॅगा भरणे.’ ‘दुपारी १. बोट. धाकट्याला उलटी, पिशवी माझ्या हातात.’ ‘दुपारी ३. चपला सांभाळणे.’ सात दिवसांत माझ्या नावावर एकही रिकामा तास निघाला नाही. नवऱ्यानं तो कागद वाचला. आधी हसला. मग म्हणाला, ‘हे असं असतं होय?’

हो, हे असंच असतं. आणि मला आज तेच म्हणायचंय. आपल्याकडे सहल आखतात ती ठिकाणं मोजून. आठ ठिकाणं म्हणजे पैसे वसूल, चार म्हणजे फसलो. पण लहान मुलं बरोबर असतील तर प्रत्येक वाढीव ठिकाणाची किंमत आई मोजते आणि तिच्या खालोखाल ती मुलं. म्हणून पहिल्यांदा बेटावर जाताना निम्मी ठिकाणं खोडून टाका. आणि आईची वेळ आधी लिहा, बाकीचं नंतर.

आम्ही काय खोडलं ते सांगते. पहिली काट मारली बाराटांगवर. तिथल्या चुनखडीच्या गुहा सुंदर असतील, नाही म्हणत नाही. पण पोर्ट ब्लेअरहून शंभरेक किलोमीटर जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, त्यामुळे जिरकाटांगच्या नाक्यावरून ठरलेल्या वेळीच गाड्यांचे ताफे सोडतात. मध्ये गाडी थांबवायची नाही, फोटो काढायचे नाहीत. अडीच वर्षांच्या मुलाला मध्येच ‘शू’ आली तर काय करायचं? शिवाय माझा आणखी एक आक्षेप आहे. त्या रस्त्यानं जाताना पुष्कळ लोक ‘जारवा दिसतात का’ म्हणून खिडकीला डोळे लावून बसतात. माणसं काय बघायची वस्तू आहेत? मुलीला ते शिकवायचं नव्हतं.

दुसरी काट हॉटेलांवर. दर रात्री नवी खोली म्हणजे दर सकाळी बॅगा. आम्ही पोर्ट ब्लेअरला दोन रात्री, हॅवलॉकला तीन आणि परतीच्या वाटेवर पुन्हा पोर्ट ब्लेअरला एक असं ठरवलं. नील बेट सोडलं. सोडताना वाईट वाटलं, कारण ओहोटीच्या वेळी तिथल्या खडकांतल्या डबक्यांत समुद्रातले जीव बघायला मिळतात आणि मुलगी त्यात रमली असती. पण म्हटलं, पुढच्या वेळी. (ही नावं आता बदलली आहेत बरं का. हॅवलॉक, नील आणि रॉस २०१८ पासून स्वराज द्वीप, शहीद द्वीप आणि नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले, आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. तिकिटांवर दोन्हींपैकी कुठलंही नाव दिसलं तर गोंधळू नका.)

‘एवढे पैसे घालून नुसतं बसायचं?’ हा प्रश्न नवऱ्यानं विचारलाच. मी म्हटलं, ‘अहो, बसायला मिळावं म्हणूनच तर एवढे पैसे घालतोय!’

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. ऋतू नीट निवडा. अंदमानात मे ते सप्टेंबर आपल्यासारखाच मोसमी पाऊस असतो, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरातही ईशान्येकडच्या वाऱ्यांचा पाऊस येतो. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. म्हणून दिवाळीची सुट्टी आपल्याला सोयीची असली तरी तिथल्या हवेला सोयीची नसते. जानेवारी ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा काळ चांगला. आणि बेटावरून परतीची बोट नि विमान एकाच दिवशी कधीही ठेवू नका. मध्ये एक रात्र हवीच.

दुसरी गोष्ट घड्याळाची. अंदमान आपल्यापेक्षा किती पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे जानेवारीत तिथं सकाळी पावणेसहाच्या आतच उजाडतं आणि संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. आपल्याकडे चहाची वेळ, तिथं दिवेलागण! मुलं पहाटे उठतात म्हणून कुरकुरू नका, त्याचा फायदा घ्या. सकाळी साडेनऊपर्यंत पाण्यात, मग जेवण आणि झोप, तीन वाजता पुन्हा किनारा. भर उन्हात वाळूवर न्यायचंच नाही. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, कडा असलेली टोपी, ओआरएसची पाकिटं आणि रबरी तळव्याचे घट्ट बूट घ्या. मेलेल्या पोवळ्यांचे तुकडे पायात काचेसारखे घुसतात. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक बोटीला दीड ते अडीच तास लागतात. उलटीचं औषध लागणार असेल तर निघण्याआधी आपल्या मुलांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. मोठ्यांची अर्धी गोळी मोडून देऊ नका.

तिसरी खाण्याची. मी आधी अर्धी बॅग खिचडीचं पीठ, मेतकूट आणि चिवड्यानं भरली होती. हॅवलॉकला पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांची वस्ती आहे. घरोघरी डाळ-भात. धाकट्यानं तीन दिवस तो आनंदानं खाल्ला, आणि मेतकूट जसंच्या तसं परत आलं. थोडं न्या, स्वयंपाकघर नेऊ नका.

चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पाण्याची. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथं खरोखरच आहेत. धोक्याची पाटी असेल तिथं उतरायचं नाही. जीवरक्षक सांगतील त्याच पट्ट्यात राहायचं. लहान मूल नेहमी एका हाताच्या अंतरावर हवं. फुगवलेलं टायर म्हणजे राखणदार नव्हे. आणि ‘तू बघतोयस ना?’ असं मोघम ठेवायचं नाही. आम्ही अर्ध्या-अर्ध्या तासाची पाळी लावली. माझी पाळी संपली की मी मोठ्यानं म्हणायची, ‘आता तुमची!’ त्यानं ‘हो’ म्हटल्याशिवाय मी डोळे हलवत नव्हते. कारखान्यात शिफ्ट बदलतात ना, अगदी तसं.

सेल्युलर जेलबद्दल बऱ्याच आया विचारतात, लहान मुलांना न्यावं का? मी म्हणेन, मराठी घरातल्या मुलांना न्यावं, पण थोडा वेळ. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या इमारतीला सात पाखे होते, आता तीन उरलेत. सावरकरांना १९११ मध्ये तिथं नेलं आणि १९२१ मध्ये ते तिथून बाहेर पडले. ती कोठडी पाहून मुलीनं विचारलं, ‘आई, ते इथं एकटेच खेळायचे?’ मी एवढंच सांगितलं, की इथं खेळायला कुणी नव्हतं, म्हणून त्यांना फार धीर धरावा लागला. कोलू, बेड्या, फाशीघर हे सगळं सहा वर्षांच्या मुलीला एका दिवसात सांगायची गरज नाही. रात्रीच्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाला नवरा एकटा गेला, आम्ही तिघं झोपलो. दुसऱ्या दिवशी रॉसला गेलो. पोर्ट ब्लेअरहून बोटीनं अगदी जवळ. इंग्रजांच्या पडक्या इमारतींना झाडांच्या मुळांनी विळखा घातलेला आणि हरणं मोकळी फिरताहेत. मुलांना जेलपेक्षा तेच जास्त आठवतं. आठवू दे की!

आता खरी गोष्ट सांगते. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर पहिल्या दिवशी धाकट्यानं लाट पाहिली आणि जो टाहो फोडला, तो थांबेचना. पायाला वाळूसुद्धा लागू देईना. माझ्या कडेवर तासभर रडून झोपला. एजंटाच्या कार्यक्रमात त्या किनाऱ्याला एकच दुपार होती. म्हणजे आमच्या मुलाचा समुद्र तिथंच संपला असता आणि आम्ही गावी येऊन सांगितलं असतं, ‘छे, लहान मुलांना घेऊन जाऊच नये!’ पण आमच्याकडे अजून दोन दिवस होते. दुसऱ्या दिवशी तो वाळूत बसून बादली भरत राहिला. पाण्याकडे पाठ करून! तिसऱ्या दिवशी स्वतःहून बापाचं बोट धरून ओल्या वाळूपर्यंत गेला. एक लाट पायावरून गेली. त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. त्या हसण्याची वेळ कुठल्याही एजंटाच्या कागदावर लिहिता येत नाही. त्यासाठी रिकामे दिवसच लागतात.

आणि त्याच दिवशी नवरा म्हणाला, ‘आता माझी पाळी. तू जा.’

खोटं कशाला सांगू, मी आधी चपलांकडे पाहिलं. मग कपड्यांकडे. पंजाबी ड्रेस होता अंगावर, ओढणी बांधून ठेवली होती. लोक काय म्हणतील, असंही मनात आलं. पण तिथं मला ओळखणारं कोण होतं? गेले. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. वयाच्या चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं, की लाट आली की उडी मारायची नसते, अंग सैल सोडायचं असतं, मग ती आपल्याला उचलते आणि परत ठेवते. वीस मिनिटं होते मी पाण्यात. कुणी हाक मारली नाही. काठावर मुलगी ओरडत होती, ‘बाबा, बघा, आई पोहतेय!’ पोहत कुठली, उभी होते नुसती.

कुणी म्हणेल, हा स्वार्थ झाला. मुलांसाठी सहल काढायची आणि आईनं आपली वीस मिनिटं मोजायची? मला तसं वाटत नाही. वर्षाचे सगळे दिवस डबे, अभ्यास, औषधं, पाहुणे यांचं वेळापत्रक आपण सांभाळतो. ते तेराशे किलोमीटर समुद्र ओलांडूनही आपल्याच डोक्यावर राहणार असेल, तर सुट्टी घराला मिळाली, आईला नाही. आणि दमलेली, चिडलेली आई मुलांनाही दिसते. मुलगी तर तेच पाहून शिकते, की मोठं झालं की काठावर उभं राहायचं असतं.

अंदमान प्रत्येकीला जमेल असं नाही. आमचीही पाच वर्षांची शिल्लक त्यात गेली. पण गुहागरला जा, तारकर्लीला जा, की नुसतं दोन दिवस माहेरच्या गावी नदीवर जा, हिशोब तोच. घरातला कागद घ्या, कार्यक्रम लिहा आणि प्रत्येक ओळीसमोर लिहा, तेव्हा आई काय करत असेल. मग तो कागद सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. भांडण झालं तर होऊ द्या. ते घरीच झालेलं बरं!

येताना मुलीला शंख हवे होते. तिला समजावलं, की इथून शंख-पोवळी न्यायला बंदी आहे, विमानतळावर सामान तपासतात, आणि ती घरं त्या जिवांचीच आहेत. तिनं ऐकलं. गावी आल्यावर चित्र काढलं. निळा समुद्र, त्यात चार डोकी. आणि काठावर चार चपलांचे जोड, शेजारी कुणीच नाही.